बस फुकट हाय, खरं बोर्ड वाचणार कोण?

माननीय जिल्हाधिकारी, बेळगाव जिल्हा, यांस



आमच्या बेळगावकडच्या मराठीत 'खरं' या शब्दाचा अर्थ 'पण' असा होतो. पुण्यामुंबईचे पाहुणे सुरुवातीला गोंधळतात. 'आलो असतो खरं पाऊस लागला' असं आम्ही म्हटलं की त्यांना वाक्य अर्धंच राहिल्यासारखं वाटतं. हे आधी सांगितलं, कारण या पत्राचं शीर्षक माझं नाही, माझ्या मावशीचं आहे.

मावशी ७८ वर्षांची आहे. उचगावात राहते. गुडघे दुखतात, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. आयुष्यभर शेतात राबली आणि रताळी घेऊन बेळगावच्या बाजारात बसली. मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकली, त्यामुळे पेपर वाचते, पोथी वाचते. कन्नड तिला बाजारापुरतं चांगलं येतं. रताळ्याचा भाव ती दोन्ही भाषांत करते आणि दोन्ही भाषांत सोडत नाही. वाचता मात्र येत नाही.

११ जून २०२३ ला राज्यात 'शक्ती' योजना सुरू झाली आणि सरकारी साध्या बसमधून बायकांचा प्रवास मोफत झाला. त्या दिवसापासून मावशीच्या पायांत पुन्हा बळ आलं असं मी म्हटलं तर त्यात अतिशयोक्ती नाही. तोवर कुठं जायचं म्हटलं की मुलाकडे पैसे मागायला लागायचे, आणि मागायचं नको म्हणून ती घरीच बसायची. आता ती सुळग्याच्या जावेकडे जाते, बेळगावात माझ्याकडे येते, मैत्रिणींबरोबर सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माला जाऊन आली. या सरकारी निर्णयाचा हिशेब खर्चाच्या रकान्यात मांडला जातो. म्हाताऱ्या बायकांच्या तब्येतीच्या रकान्यातही तो मांडायला हवा.

खरं तिला बेळगावच्या बसस्थानकावर उचगावची बस ओळखता येत नाही. गावाचं नाव फक्त कन्नडमध्ये लिहिलेलं असतं. ती ड्रायव्हरच्या चेहऱ्यावरून ओळखते, चढणाऱ्या माणसांवरून ओळखते, नाहीतर कॉलेजच्या पोरांना विचारते. पोरांच्या कानात यंत्रं घातलेली असतात. एकदा ती कडोलीच्या बसमध्ये बसली आणि अर्ध्या वाटेत उतरली. परत आल्यावर मला म्हणाली, ''बस फुकट हाय की रे, खरं बोर्ड वाचणार कोण?'' त्यानंतर दीड महिना ती एकटी कुठं गेली नाही. पैशांनी अडवलं होतं तेव्हा ती चिडायची. या वेळी ती लाजली. म्हातारपणी माणूस घरात कोंडला जातो तो बऱ्याचदा अशा लाजेपायी, आणि ही लाज बाहेरच्या कुणाला दिसत नाही.

मी निवृत्त शिक्षक आहे, शहापुरात राहतो. माझंही वय ६९ झालं. बेळगाव कर्नाटकात की महाराष्ट्रात, या सीमाप्रश्नावर कुठल्याही बाजूने बोलायला मी हे पत्र लिहीत नाही. तो खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो दाखल झाला तेव्हा जे पन्नाशीत होते ते आज सत्तरीच्या पुढे गेले. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा आईच्या कडेवर असलेली मुलं आज सत्तरीच्या घरात आहेत. निकाल लागेल तेव्हा लागेल. मी लिहितो आहे तो मधल्या काळात ज्यांचं म्हातारपण निघून चाललंय त्यांच्याविषयी.

माणसांत मिसळणं ही म्हाताऱ्यांची करमणूक आहे, औषधपाणी झाल्यावर उरलेल्या वेळेत करायची गोष्ट आहे, अशी एक समजूत आहे. ती चुकीची आहे. २०१० मध्ये अमेरिकेतल्या ज्युलियन होल्ट-लुनस्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४८ अभ्यास आणि ३ लाखांहून जास्त माणसांची माहिती एकत्र करून पाहिली. ज्यांचे माणसांशी घट्ट संबंध होते त्यांची जगण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी जास्त निघाली. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२५ मध्ये या विषयावर अहवाल काढला. जगात दर सहा माणसांत एकाला एकटेपणा ग्रासतो आणि त्यापायी दर वर्षी ८ लाख ७० हजारांच्या आसपास मृत्यू होतात, असा त्यांचा अंदाज आहे. रक्तदाब आणि साखर तपासायला आपण शिबिरं भरवतो. गेल्या आठवड्यात घराबाहेर किती वेळा पडलात, हा प्रश्न त्या शिबिरात कुणी विचारत नाही.

आमच्या भागात याचं औषध पिढ्यान्‌पिढ्या आहे. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं. म्हणजे मुंबई विद्यापीठाहून नऊ वर्षांनी थोरलं. वाचनालयाच्या टेबलाभोवती सकाळी म्हातारे गोळा होतात, पेपर हातोहात फिरतो, अग्रलेखावरून आवाज चढतात. एखादा दोन दिवस आला नाही तर तिसऱ्या दिवशी कुणीतरी त्याच्या घरी जातं. ही चौकशी मला पेपराहून मोलाची वाटते. कितीतरी माणसं वाचनालयात वाचायला येत नाहीत, आपली गैरहजेरी कुणाच्या तरी ध्यानात यावी म्हणून येतात.

आणि थंडीत भरणारी गावोगावची साहित्य संमेलनं. कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी, कुद्रेमनी, सांबरा. शेतकऱ्यांच्या गावांनी वर्गणी काढून भरवलेली ही संमेलनं जिल्ह्याबाहेरच्या कुणाला सांगून पटत नाहीत. सकाळी ग्रंथदिंडी निघते. डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका, टाळ, लेझीम, फेटे बांधलेले आजोबा. मग मांडवात पाहुण्यांची भाषणं. पाहुणे समोर बघून चकित होतात, कारण पुढच्या रांगा पांढऱ्या टोप्यांनी आणि नऊवारी लुगड्यांनी भरलेल्या असतात. दुपारी जेवणाची पंगत. कवितेतलं सगळं कळलं का, असं मी एकदा शेजारच्या आजोबांना विचारलं होतं. ते म्हणाले, ''कळायचं ते कळतंय, खरं मांडवात बसल्यावर बरं वाटतंय.'' तब्येत म्हणजे काय, याची याहून सोपी व्याख्या मला ठाऊक नाही.

मावशीचं भजनी मंडळ आहे. हरिपाठ त्यांना तोंडपाठ आहे, पखवाजाला एक निवृत्त पोस्टमन असतात. मावशीला सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, हरिपाठातली एक ओळ मात्र चुकत नाही. गाताना श्वास लांबतो, पाठ ताठ होते, चार जणींच्या आवाजात आवाज मिसळायला कान द्यावा लागतो. फिजिओथेरपीचा इतका व्यायाम ती बाई पैसे देऊन कधी करणार नाही.

सोबतीची माणसं सुटली की काय होतं ते सांगायला आता निपाणीकडे वळतो. तंबाखूच्या वखारींत आणि विड्या वळण्यात जिथे हजारो बायकांचं आयुष्य गेलं, ते हे गाव. १९८० च्या सुमारास सुभाष जोशी आणि त्यांच्या साथीदारांबरोबर या बायकांनी संघटना उभी केली. त्यांच्या लढ्यावर छाया दातार यांनी १९८९ मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिलं. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू शेतकरी इथल्या महामार्गावर ठाण मांडून बसले आणि ६ एप्रिलला गोळीबार झाला. तेव्हाचे पंचविशीतले शेतकरी आज सत्तरीत आहेत. वखारीतल्या बायकांपैकी ज्या हयात आहेत त्या घराच्या उंबऱ्यात खोकत बसलेल्या दिसतात.

त्या बायकांशी बोलताना एक गोष्ट माझ्या मनाला फार लागली. वखारीतल्या धुळीबद्दल, मुकादमाबद्दल, मजुरीबद्दल त्या कडवटपणे बोलतात, बोलायलाच हवं. आणि लगेच सांगतात की तिथं बोलायला माणसं होती. दिवसभर हात चालायचे आणि तोंडही चालायचं. कुणाची सून कशी, कुणाचा नवरा काय करतो, मोर्चा कधी आहे. काम सुटलं, धूळ सुटली आणि बरोबरच्या बायकाही सुटल्या. ज्यांना भविष्यनिर्वाह निधीची पेन्शन आहे, त्यांतल्या कित्येकींना किमान १००० रुपये मिळतात. हा आकडा २०१४ पासून हललेला नाही. दर वर्षी हयातीचा दाखला द्यायला जावं लागतं, आणि पानं कातरून, विड्या वळून बोटांची टोकं इतकी गुळगुळीत झालेली असतात की यंत्राला ठसाच उमटत नाही. आपण जिवंत आहोत हे सांगायला गेलेल्या बाईला यंत्र ओळखत नाही. तिथे भिंतीवरची सूचना तिच्या भाषेत नसेल, तर तिनं कुणाकडे बघायचं?

दवाखान्यातला अनुभव माझ्या घरचा आहे. शहरातल्या एका दवाखान्यात मावशीला घेऊन गेलो होतो. मला बिल भरायला दुसऱ्या मजल्यावर जावं लागलं. तेवढ्यात तिचा पुकारा झाला. तिला ऐकू कमी येतं, त्यात गर्दी, त्यात नाव वेगळ्या वळणाने उच्चारलेलं. मी खाली आलो तोवर तिच्या मागच्या नऊ जणांना तपासून झालं होतं आणि ती बाकावर हात जोडून बसली होती. कुणी वाईट वागलं नव्हतं. नर्सबाई तर हळहळल्या. भिंतीवर एक ओळ देवनागरीत असती, हातातल्या चिठ्ठीवर क्रमांक तिला वाचता येईल असा असता, तर एवढंही झालं नसतं. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातलं २० वं कलम सरकारी दवाखान्यांत ज्येष्ठांसाठी वेगळी रांग असावी असं सांगतं. रांग कुठली, हे वाचता आलं तरच त्या रांगेत उभं राहता येतं.

साहेब, माझं मागणं कन्नड काढा असं नाही. या राज्याची भाषा कन्नड आहे, ती वर आणि ठळक असावी. तिच्याखाली देवनागरीत गावाचं नाव लिहा, एवढंच मागतो. उचगाव, येळ्ळूर, कंग्राळी, बेळगुंदी, कडोली, खानापुराकडची गावं, निपाणीच्या आसपासची गावं. जिथं चढणारे निम्मे म्हातारे देवनागरीच वाचतात, तेवढ्याच मार्गांवर. एखाद्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा त्याहून जास्त असले, तर महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात, हे केंद्र आणि राज्यांनी मिळून फार पूर्वीच मान्य केलेलं आहे. २०११ च्या जनगणनेत साऱ्या जिल्ह्यातच मराठी भाषकांचं प्रमाण १८ टक्क्यांहून अधिक होतं. आजवर हे मागणं मोर्चात मागितलं गेलं, म्हणून मोर्चाला द्यायचं तसं उत्तर त्याला मिळालं. मी ते म्हाताऱ्यांच्या आरोग्याची बाब म्हणून मागतो आहे. काठी, चष्मा, जिन्याला धरायचा कठडा, तसा हा बोर्ड.

दुसरं मागणं अवघड आहे, तरी लिहितो. भाषेवरून, सीमेवरून वातावरण तापलं की सगळ्यात आधी दोन राज्यांमधल्या बस थांबतात. २०२२ च्या डिसेंबरात थांबल्या, २०२५ च्या फेब्रुवारीत थांबल्या. कोरोनाच्या काळात कोगनोळीच्या सीमानाक्यावर चाचणीचा कागद दाखवल्याशिवाय सोडत नव्हते. तेव्हा कारण वेगळं होतं, अडकणारी माणसं तीच होती. आमच्या मुली पलीकडे दिलेल्या आहेत. उचगावाहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याला लागलं की बाची आणि बाचीच्या पुढे शिनोळी. बाची कर्नाटकात, शिनोळी महाराष्ट्रात. मधे एक पाटी आहे, तीच सरहद्द. मावशीची धाकटी लेक चंदगड तालुक्यात आहे. निपाणीच्या देवचंद कॉलेजचंही तसंच. निपाणीची पोरं तिथं शिकली, आणि कॉलेज आहे ते पलीकडच्या अर्जुननगरात, कोल्हापूर जिल्ह्यात. आमच्या रोजच्या जगण्यात ही रेषा नसतेच, ती फक्त बस थांबल्यावर उगवते. तरुण माणूस मोटारसायकल काढतो. बारशाला, बाराव्याला, नातवाच्या मुंजीला जायचं राहतं ते म्हाताऱ्यांचं. बाराव्याला न जाता आलेला माणूस ते पुढे वर्षानुवर्षं मनात ठेवतो. बस बंद ठेवणं ज्या दिवशी टाळताच येत नाही, त्या दिवशी निदान हद्दीपर्यंत इकडची आणि हद्दीपासून पलीकडे तिकडची गाडी मिळेल, वयस्कर माणसांना पोलिसांच्या सोबतीने ती पाच मिनिटांची वाट ओलांडता येईल, एवढी व्यवस्था पलीकडच्या जिल्हाधिकाऱ्यांशी बोलून आपण करू शकता. सवलतींचंही पाहावं. इकडे 'शक्ती', साठीच्या पुढच्या पुरुषांना २५ टक्के सवलत. तिकडे ७५ च्या पुढच्यांना एसटी मोफत, बायकांना अर्धं तिकीट. दोन्ही राज्यांनी भलं केलं आहे. खरं या सवलती मुळात आपापल्या राज्यापुरत्या, आणि आमच्या म्हाताऱ्यांची नाती दोन राज्यांत पसरलेली.

१ ऑक्टोबरला जगभर ज्येष्ठांचा दिवस पाळतात. बरोबर एक महिन्याने १ नोव्हेंबर येतो. त्या दिवशी बेळगावात एका रस्त्याने राज्योत्सवाची मिरवणूक जाते आणि दुसऱ्या रस्त्याने काळ्या दिनाची सायकल फेरी. दोन्हीकडे भावना खऱ्या आहेत. मी स्वतः तरुणपणी दंडाला काळी फीत बांधून फिरलो आहे. आमच्या मराठी पुढाऱ्यांनाही या निमित्ताने सांगतो की फेरीच्या पुढे चालायला आपल्याला ऐंशीचे सत्याग्रही हवे असतात, त्यांचा सत्कार होतो, फोटो निघतो. २ नोव्हेंबरला त्यांच्या घरी कोण जातं? १९८६ च्या कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात लाठ्या खाल्लेला एक माणूस माझ्या ओळखीचा आहे. त्याला आता ऐकू येत नाही, कानाचं यंत्र घ्यायला पैसे नाहीत, म्हणून तो सभेलाही येत नाही. २०२४ मध्ये 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञ गटाने स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी, पण टाळता येण्यासारखी १४ कारणं दिली. त्यांत बहिरेपण आहे आणि माणसांपासून तुटणंही आहे. आमच्या या कार्यकर्त्यात दोन्ही एकत्र आली आहेत. त्याला यंत्र मिळवून देण्याचं काम आमचं आहे, आपलं नव्हे. ते आम्ही करू.

आणखी एक काम आम्ही अंगावर घेतो. माझे शेजारी कन्नड आहेत, बँकेतून निवृत्त झाले. सकाळी सहाला आम्ही दोघं व्हॅक्सिन डेपोच्या झाडांत फिरायला जातो. वर्षभरापूर्वी त्यांनी मला कन्नड अक्षरं शिकवायला घेतली. रोज दोन अक्षरं, दुकानांच्या पाट्यांवरून. आता मी बसचा बोर्ड वाचतो. मी त्यांना देवनागरी जोडाक्षरं शिकवली, ती त्यांना मुळाक्षरांपेक्षा जड गेली. डॉक्टर सुवर्णा अल्लादी यांनी हैदराबादला स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास केला होता, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना एकाहून जास्त भाषा बोलता येत होत्या त्यांना हा आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा झाला होता. कधी शाळेत न गेलेल्यांमध्येही हा फरक दिसला. तो आयुष्यभर दोन भाषांत वावरलेल्यांचा अभ्यास आहे. उतारवयात अक्षरं गिरवून तेच फळ मिळेल असं मी म्हणत नाही. मी एवढंच बघतो की बेळगावच्या बाजारात आयुष्य काढलेल्या माणसाजवळ दोन-दोन, तीन-तीन भाषा आहेत आणि त्यांच्याकडे आपण भांडणाचं कारण म्हणूनच पाहत आलो.

तर शहापुरात आम्ही दर शनिवारी दुपारी ज्येष्ठांना कन्नड अक्षरं शिकवण्याचा वर्ग सुरू करतो आहोत. शेजारी शिकवतील, मी फळा पुसेन. आपल्याकडून हवी ती एखाद्या सरकारी शाळेची खोली, शाळा सुटल्यानंतरची, ज्यात पंखा आणि बसायला बाक असेल, कारण जमिनीवर बसलं की आमच्यातल्या निम्म्यांना उठता येत नाही. मावशीनं नाव घातलंय. तिच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर ती येणार आहे. मात्र तिच्या वयाच्या सगळ्याच काही शिकणार नाहीत. सगळ्यांचे डोळे तेवढे टिकणारही नाहीत. म्हणून वर्ग आणि बोर्ड, दोन्ही हवेत.

हे पत्र मी मराठीत लिहिलं आहे. सोबत त्याची कन्नड प्रत जोडली आहे, ती शेजाऱ्यांनी केली. करताना त्यांनी शेवटी दोन ओळी स्वतःच्या घातल्या आहेत. त्यांची थोरली बहीण जत तालुक्यात दिलेली आहे, वय ८१. तिला कन्नडच वाचता येतं आणि तिच्या गावच्या एसटीवरचा बोर्ड मराठीत असतो. हेच पत्र सांगलीच्या जिल्हाधिकाऱ्यांनाही जावं, असं त्यांचं म्हणणं आहे. आज त्याच टपालाने ते पाठवतो आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक,
शहापूर, बेळगाव